रुमालाक सीट नाय

आमच्या घरमालकांना घरमालक म्हटलेलं खपत नाही. "मालक थंय वर बसलो आसा," असं छताकडे बोट दाखवून ते म्हणतात, "मी नुसतो वाहक." आता त्यांच्या छताच्या वर तर मी राहते. "मग मालक मी काय?" असं पहिल्याच दिवशी मी विचारलं, तेव्हा भिकाजीकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात काकींना हाक मारून सांगितलं, "आयकलंस गो? ह्या चेडू टिकतला."

चेडू म्हणजे मी. टिकले खरी. पण गेल्या नोव्हेंबरात टिकायचे वांधे झाले होते आणि ते एका रुमालाने सोडवले. तीच गोष्ट सांगायची आहे. मला राग पटकन येतो आणि बोलताना फाटे फुटतात, एवढं आधीच सांगून ठेवते.

भिकाजीकाका बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मालवण-कणकवली, मालवण-विजयदुर्ग, कधी घाट चढून कोल्हापूर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, ते गाडीतून उतरले, पण गाडी त्यांच्यातून उतरली नाही. घर बांधलं तेही मालवणच्या स्टँडामागे, पडवीत बसून कुठली गाडी लागली ते कळावं म्हणून. खाली ते आणि लक्ष्मीकाकी राहतात, वर भाड्याचे दोन ब्लॉक. वरच्या जिन्यापासून पडवीपर्यंत सुतळी ओढलेली आहे आणि तिच्या टोकाला पितळेची घंटा. एक टण म्हणजे थांब. दोन टण म्हणजे निघ. मी सकाळी कॉलेजला निघाले की काका बसल्या जागेवरून दोन देतात. ओळखपत्र विसरलं असेल तर एकच. त्यांना कसं कळतं देव जाणे. बत्तीस वर्षं लोकांच्या खिशांकडे नि गळ्यांकडे बघण्यात गेली, त्यातून आलं असेल.

मी अक्षया, फोंडाघाटची. मालवणात सिव्हिलचा डिप्लोमा करते. आधी मावशीकडे राहत होते. दुसऱ्या वर्षी मधेच मावशी मुंबईला गेली आणि मी खोली शोधत दारोदार हिंडले. फोंडाघाटातून मालवण म्हणजे कणकवलीला गाडी बदलून तीन तास, तेही गाडी मिळाली तर, आणि पहिलं लेक्चर आठला. मालवणात मासळी मिळते, देव भेटतो, भाड्याची खोली मात्र विद्यार्थ्याला मिळत नाही. जिकडेतिकडे 'पर्यटकांसाठी राहण्याची उत्तम सोय' असे बोर्ड. आठव्या दारी "तू पर्यटक आसस?" असं विचारलं, तेव्हा मी "नाय, मी माणूस आसंय" असं उत्तर देऊन आले. तिथेही खोली मिळाली नाही, हे सांगायला नको. नववं दार भिकाजीकाकांचं.

खोली बघायला बाबा आले होते. त्यांना ती आवडली. खिडकीबाहेर माड, गॅलरीत वारा, खाली घरची माणसं. बाबांनी खूश होऊन खिशातला रुमाल काढला, कॉटवर टाकला आणि म्हणाले, "चला, सीट धरलंय."

काकांचा चेहरा बदलला. त्यांनी दोन बोटांनी तो रुमाल उचलला आणि खिडकीतून खाली सोडून दिला. रुमाल माडाच्या आळ्यात जाऊन पडला.

"रुमालाक सीट नाय," ते म्हणाले. "सीट माणसाक आसा."

एसटीने फिरलेल्यांना हे समजावून सांगायला नको. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडतात. मग ज्यांचे रुमाल ते मागून सावकाश येतात आणि आधी चढलेल्याला उठवतात. काका असले रुमाल बत्तीस वर्षं खिडकीबाहेर उडवत आले. 'आधी चढात तेची सीट' हा त्यांचा कायदा. सरपंचाचा रुमाल उडवला, भटजींचं उपरणं उडवलं. एकदा तर सख्ख्या मेव्हण्याची पिशवी उडवली, तिच्यात अंडी होती. काकी ती गोष्ट अजून सांगतात आणि काका अजून म्हणतात, "अंड्यांका पण सीट नाय." लोक मागून ओरडत, "शिरा पडो तुज्या कायद्यार," आणि काका तिकिटं फाडत पुढे सरकत. रुमालउडव्या भिकाजी हे नाव पार विजयदुर्गापर्यंत पोचलं होतं.

बाबा खाली जाऊन रुमालाचा चिखल झटकून आले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलंय. माणूस ठेवन जातंय." त्याच दिवशी करार झाला, अकरा महिन्यांचा.

करार काकांच्या भाषेत तिकीट आणि अकरा महिने म्हणजे एक टप्पा. मी वरची प्याशिंजर. पाणी वाया घालवलं की "फुकटो प्रवास चलाचो नाय" असं खालून ऐकू येई. ह्या माणसावर मी किती वेळा चिडले याचा हिशोब नाही. घंटीची सुतळी एकदा मी रागाने कापून टाकली. दुसऱ्या दिवशी तिथे नायलॉनची दोरी होती आणि काका काही झालंच नाही असे पेपर वाचत होते.

पण उन्हाळ्यात गणितात माझी दांडी उडाली, तेव्हाची गोष्ट वेगळी. मी बॅग भरली, जिना उतरले आणि काकांना म्हटलं, "माका नाय जमाचा. मी घराक जातंय." काकांनी एक टण दिली. मी थांबले. ते म्हणाले, "तिकीट शेवटच्या स्टॉपाचा काढलंस मां? मग मदल्या स्टॉपार उतरान काय करतलंस? थंय नुसती पानाची टपरी असता." मी रडायला आले होते, ती हसायला लागले. काकींनी बॅग हातातून घेतली आणि सोलकढीची वाटी दिली. पुढच्या परीक्षेत गणित सुटलं. तेव्हापासून ती घंटा मला आवडायला लागली. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ते दिवसभर वाजवत बसतील.

करार चौदा नोव्हेंबरला संपणार होता. शेवटचं वर्ष सुरू झालेलं, परीक्षा मे महिन्यात. तो नवा झाला की झालं, असं मी धरून चालले होते. ऑक्टोबरात गुरुप्रसाद आला. हा काकांचा मुलगा, देवबागला पर्यटकांना बोटीतून फिरवतो. माणूस चांगला, पण डोक्यात कायम सीझन. पडवीत बसून तो बापाला म्हणाला, "बाबा, वरचे दोनय ब्लॉक माका द्येवा. एकात पर्यटक आसतच. दिवाळेनंतर सांगलीची मोठी पार्टी येता. अक्षयाचो करार संपताच आसा."

मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकलं. खोली गेली तर दुसरी मिळणार नाही, हे मला आठ दारांनी शिकवलं होतं. आणि घरी काय म्हणतील तेही ठाऊक होतं. "पुढच्या वर्षी बघू." माझ्या ताईच्या कॉलेजचंही पुढच्या वर्षी बघायचं होतं. ताईला आता दोन मुलं आहेत. मला ताईचं वाईट वाटतं आणि मला ताईसारखं व्हायचं नाही, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

काकांनी मला खाली बोलावलं. दोघांना समोर उभं करून गाडीतल्यासारखा निकाल दिला. "चवदा तारखेक ग्लेनिशा मशीन घेवन येतली. एक वाजेपर्यंत अक्षयान हंय येवन अंगठो लावल्यान तर खोली तिची. नाय इली तर गुरूची. आधी चढात तेची सीट. माज्याकडे वशिलो नाय."

ग्लेनिशा म्हणजे भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देणारी मुलगी. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन स्कूटीवरून घरोघर फिरते. चौदाला तिला दुपारी पुढे कट्टा गावालाही जायचं होतं.

मला काकांचा असा राग आला की विचारू नका. वर्षभर मासे खाऊ घातले, आणि आता मी आणि सांगलीची पार्टी एका रांगेत? पण न्याय तर न्याय. मी म्हटलं, "येतंय मी. बगतंच रवा."

दिवाळीला घरी गेले. चौदाला सकाळी साडेनऊला फोंडाघाटात गाडी धरली, गर्दीतून उभ्याने कणकवलीला आले. मालवणची गाडी पावणेअकराची, मागच्या गावाहून येणारी. ती फलाटाला लागायच्या आत माणसांचा लोंढा दाराकडे धावला. आणि मी काय केलं? रुमालउडव्या भिकाजीच्या भाडेकरणीने खिडकीतून रुमाल टाकला. पिवळा रुमाल, कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने घातलेला 'अ'. खिडकीपाशी एक आजी आधीच बसल्या होत्या, मांडीवर पालेभाजीची टोपली. कसालच्या राधाबाई, मालवणच्या बाजाराला निघालेल्या, हे नंतर कळलं. मी म्हटलं, "आजी, सीट बगा हां, चढतंयच."

दाराशी पोचले आणि आठवलं, आधार कार्डाची झेरॉक्स राहिली. ती लागते असं ग्लेनिशाने दोनदा बजावलं होतं. स्टँडासमोर झेरॉक्सचं दुकान. सुटायला पाच मिनिटं होती. पळत गेले. दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ अख्खा सातबारा घेऊन उभे होते. मी परत आले तेव्हा फलाटावर गाडी नव्हती. माझा रुमाल बसून मालवणला गेला होता आणि मी हातात झेरॉक्स घेऊन कणकवलीत उभी होते.

स्वतःवर इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता. पुढची गाडी बाराची, म्हणजे मालवणात पोचायला दीड उलटणार. काका मोबाईल कपाटात ठेवतात, म्हणून काकींना फोन लावला. "काकी, गाडी चुकली."

"अगो बाय," काकी म्हणाल्या. मागे कुणाच्या तरी मुलांचा गोंधळ ऐकू येत होता. "हे स्टँडार गेलेत तुका आणूक. ती सांगलीची माणसां पण इली हत. तू ये तर खरी."

बाराच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, आणि काय उपयोग. कसाल गेलं, कट्टा आला. एक वाजला. मी डोक्यात बॅग भरायला घेतली. पुस्तकं ह्या पिशवीत, गादी बाबा नंतर नेतील. घंटीची दोरी आठवली आणि रडू आलं. शेजारच्या बाई पदर पुढे करून म्हणाल्या, "गाडी लागता काय गो?" मी म्हटलं, "होय." खरं सांगायला गेले असते तर स्टॉप संपले असते, गोष्ट संपली नसती.

दोनला दहा कमी असताना घरी पोचले. अंगणात मोठी गाडी उभी, टपावर बॅगा बांधलेल्या. पडवीत सात-आठ माणसं पाय पसरून कोकम सरबत पीत बसलेली. दोन पोरं माझ्या घंटीशी खेळत होती. संपलं सगळं, असं मनात आलं. काकी दारात आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, "वर जा."

वर माझ्या ब्लॉकचं दार सताड उघडं. उंबऱ्यावर खुर्ची टाकून भिकाजीकाका आडवे पाय लावून बसलेले, दारातून मांजर जाणार नाही असे. बाजूला गुरुप्रसाद भिंतीला टेकून उभा. आणि आत, माझ्या कॉटच्या मधोमध, चारी कोपरे सरळ करून, माझा पिवळा रुमाल पसरलेला.

गुरुप्रसाद बोलला, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. "तुजो रुमाल सव्वाबाराच्या गाडयेन इलो. थंय स्टँडार बाबा गाडयेत शिरले, तर एक आजी सीटीर हात ठेवन सगळ्यांवांगडा भांडता. 'चेडू येता, चेडू येता,' करत तिणां कणकवलेपासून कोणाक बसाक दिल्यान नाय. खुद्द कंडक्टराक पण आयकल्यान नाय. चेडू खंय? चेडू नाय. नुसतो रुमाल. बाबांनी 'अ' बगल्यांनी नि तो हातात धरून घराक इले. तेवापासून हंयच बसले आसत. एक वाजान गेलो. माझी माणसां वर येवक लागली, तर म्हंतत काय, 'सीट धरलेली आसा.'"

मग तो वळला आणि खरंच विचारल्यासारखा म्हणाला, "बाबा, बत्तीस वर्सां तुमी लोकांचे रुमाल उडयलात. मामाची अंडी फोडलात. आज माजी पार्टी भायर बसवन एका रुमालाची राखण करतास?"

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. मला कळलं की हा प्रश्न ते स्वतःलाच दुपारपासून विचारत होते.

"उडयलंय," ते म्हणाले. "कित्याक उडयलंय? तेच्या मागचो माणूस खंय आसा, येता काय नाय, ता माका म्हायत नसायचा. ह्या रुमालामागचा माणूस माका म्हायत आसा. ता रोज सकाळी दोन घंटीर जाता आणि सांजेक परत येता. ता येतलाच होता."

मला एवढंच वाटलं की ह्या माणसाला मिठी मारावी. पण काकांना मिठी मारणं म्हणजे एसटीला मिठी मारणं, ते कसं जमायचं ते कळेना. म्हणून मी झेरॉक्स पुढे केली.

"ग्लेनिशा गेली मां?" मी विचारलं.

"खंय जाता?" गुरुप्रसाद म्हणाला. "एक वाजता उठली, तर बाबांनी एक घंटी दिल्यांनी आणि आयेन सुरमयचा सार वाढल्यान. आता दुसऱ्यांदा भात घेता. कट्ट्याक फोन करून सांगल्यान, उशीर होतलो."

ग्लेनिशा हात पुसत वर आली, लॅपटॉप उघडला आणि माझा अंगठा घेतला. लगेच लागला. मग काकांचा. मशीन लाल. पुन्हा लाल. पुसून, फुंकर मारून, डोक्यावरच्या केसांत घासून, तरी लाल.

"काका, तुमच्या अंगठ्याला रेघाच नाहीत," ग्लेनिशा शुद्ध मराठीत म्हणाली. सरकारी कामाला बसली की तिची मालवणी बंद होते.

काकांनी अंगठा नाकासमोर धरून बघितला. "रवतल्यो खंयसून? बत्तीस वर्सां तिकिटां फाडलंय ह्या आंगठ्यान. सगळ्यो रेगो लोकांका वाटून झाल्यो."

शेवटी डाव्या हाताचं बोट लागलं. मशीन हिरवं झालं. खालून सांगलीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण सरबत पीत ते सगळं ऐकत होते. त्यांची सोयही तेवढ्यात काकींनी लावून टाकली होती. निम्मी माणसं शेजारच्या ब्लॉकात, निम्मी खाली काकांच्या खोलीत, आणि काका पडवीत. सुरमयचा वास सुटल्यावर त्यांना वरची खोली नकोच होती. गुरुप्रसाद मला म्हणाला, "जिंकलंस गो. पण पुढच्या खेपेक रुमाल नको, झेरॉक्स आधी पाठव," आणि बॅगा उतरवायला खाली गेला.

मी अजून उंबऱ्यापाशीच उभी होते. सकाळपासून उभीच होते म्हणा, फोंडाघाटापासून. खोली माझी झाली, परीक्षेपर्यंत झाली, हे डोक्यात हळूहळू उतरत होतं. काकांनी पाय आखडले, खुर्ची बाजूला घेतली आणि दार मोकळं केलं.

"उबी कित्याक गो?" ते म्हणाले. "माणूस इलो काय रुमाल उचलूचो असता."

मी आत गेले, रुमाल उचलला आणि बसले. काकांनी दोरीला हात घातला आणि दोन दिल्या.